पुलाची मालकीण

पेर्खुरोवो गावच्या क्लबात ऑगस्टमध्ये जी सभा झाली, तिला मी तालुक्याच्या वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून हजर होतो. विषय एकच होता. शोल्गा नदीवरच्या लाकडी पुलाचे मधले दोन खांब वसंतातल्या बर्फाने ओढून नेले होते. खांब म्हणजे ओंडक्यांच्या चौकटी, आत दगड भरलेल्या. नदीच्या अलीकडे गाव, पलीकडे दवाखाना. दवाखान्यात रिम्मा एकटी असते. ती फेल्डशर आहे, म्हणजे डॉक्टर नव्हे. पण आमच्याकडे डॉक्टर येत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांचे बहुतेक काम तीच करते. उन्हाळाभर ती होडीने ये-जा करत होती. शरद संपताना नदीतून बर्फाचा चुरा वाहू लागतो तेव्हा होडी चालत नाही, आणि पायाखाली धरेल एवढा बर्फ गोठायला वेळ लागतो. वसंतात पुन्हा तीच गत.

आरोग्य कार्यालयाचे शुबिन यांनी निर्णय वाचून दाखवला. पुढच्या वसंतात बर्फ वाहून गेला की पाहणी होईल. पूल पायी ओलांडता आला तर दवाखाना राहील. नाही तर रिम्माची बदली आणि दवाखान्याला कुलूप.

"मग तुम्हीच बांधा की पूल," ग्लाफिरा म्हणाली. तिचे गुडघे गेलेले आहेत आणि आठवड्यातून दोनदा ती रिम्माकडून इंजेक्शन घेते.

"पूल आमच्या दप्तरी नाही."

"मग कोणाच्या आहे?"

"कोणाच्याच नाही. सामूहिक शेतीने बांधला होता, ती शेती मोडली. पूल बेवारस आहे. बेवारस वस्तूवर सरकारला खर्च करता येत नाही."

"आणि नदी?"

"नदी केंद्राच्या ताब्यात."

"मग केंद्राला कळवा, आमच्याकडून वाहू नको म्हणावं."

लोक हसले. शुबिनही थोडे हसले, पण कागद त्यांनी बॅगेत ठेवून दिला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून कापितोलिना आर्कादिएव्ना उठल्या.

पीटर्सबर्गच्या एका संस्थेत त्या मानवशास्त्रज्ञ होत्या. विद्यार्थिनी असताना लग्नातली विलापगीते टिपायला त्या पहिल्यांदा पेर्खुरोवोत उतरल्या, ग्लाफिराच्या आईकडे राहिल्या, आणि पुढे दर वर्षी येत गेल्या. गाण्यांवरून त्यांचे लक्ष हळूहळू कामावर गेले. उत्तरेकडची खेडी एकमेकांची कामे कशी उरकतात, इर्जिक, म्हणजे कामाला शेजाऱ्यांची बिनपैशाची मदत, कशी बोलावली जाते, कोण येते, कोण येत नाही, यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिले. ते आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात आहे आणि मी ते वाचलेले आहे. गेली काही वर्षे त्या गावांना हातभारही लावत होत्या. एका गावात बंद पडलेली बेकरी सुरू झाली, दुसऱ्यात मासेमारांची सहकारी संस्था उभी राहिली. अर्ज त्या लिहीत, कार्यालयात भांडत, आणि काम मार्गी लागले की बस पकडून जात. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. नुसते आर्कादिएव्ना म्हणत. आमच्याकडे माणसाला नुसत्या वडिलांच्या नावावरून हाक मारणे म्हणजे त्याला मान देणे.

"प्रांताच्या स्पर्धेतून लाकूड आणि लोखंड मिळू शकतं," त्या म्हणाल्या. "अट एकच, मेहनत गावाची हवी. अर्ज मी लिहिते."

"आणि मेहनत?" शुबिन यांनी विचारले.

"पेर्खुरोवो येईल. आयुष्यभर मी याच गावाचा अभ्यास केलाय."

हे वाक्य मी त्यांच्या फोटोखाली छापले.

लाकूड लवकर आले. सप्टेंबरच्या सुरुवातीला नदीकाठी ओंडके रचलेले होते आणि पाणी उतरलेले होते. काम करायचे तर हीच वेळ. आर्कादिएव्नांनी दुकानाच्या दारावर सूचना लावली, शनिवारी सकाळी कुऱ्हाड घेऊन यावे. शनिवारी सकाळी त्या आल्या, मी आलो, आणि होडी वल्हवत पलीकडून रिम्मा आली. आम्ही दुपारपर्यंत ओंडक्यांवर बसून राहिलो. रिम्माने थर्मासमधला चहा वाटला. गावातून एक कुत्रा आला आणि गेला.

परतताना सावेल्यिच आपल्या घरापुढच्या बाकावर बसलेला दिसला. वाहून गेलेले खांब उभारणाऱ्या सुतारांपैकी हयात असलेला तो एकटा. तो कुऱ्हाडीला धार लावत होता.

"सावेल्यिच, धार कशासाठी लावताय?" आर्कादिएव्नांनी विचारले.

"गंज चढू नये म्हणून."

"आज पुलाचं काम होतं."

"वाचलं दुकानाच्या दारावर. खाली कोणीतरी बोकड विकायला काढलाय, तेही वाचलं."

"मग आला का नाहीत?"

"बोकड बघायलाही गेलो नाही."

"गावाचंच काम होतं ना."

"असेल. पण बोलावलं कोणी? गाव काही माझ्या खिडकीशी आलं नाही." त्याने धारेवरून अंगठा फिरवला. "पेपरवाल्या, तुला बोलावलं होतं का?"

"मी बातमीसाठी आलोय," मी म्हणालो.

"मग झालं की. बातमी मिळाली तुला."

त्या दिवशी ग्लाफिराच्या स्वयंपाकघरात आर्कादिएव्ना मला म्हणाल्या, "रोदिऑन, हे मला माहीत होतं. दुसऱ्या प्रकरणात मीच लिहिलंय."

मलाही ते प्रकरण आठवत होते. इर्जिक घरधनी बोलावतो, आणि दारोदार जाऊन तोंडाने बोलावतो. लोक त्याच्यासाठी येतात, काम उरकून त्याच्या टेबलावर जेवतात. पैशाचे नाव काढायचे नाही. आणि जो आला त्याच्याकडे काम निघाले की आपण जायचे. पुलाला घरधनी नव्हता. शुबिन यांच्या दप्तरातही नव्हता आणि गावाच्या हिशेबातही नव्हता. सामायिक कामाला कागद चालेल असे आर्कादिएव्नांनी धरले होते, ते चुकले.

"मग तुम्ही बोलवा," मी म्हणालो.

"मी पाहुणी आहे. पाहुण्याने बोलवायचं नसतं."

"ही गावाची रीत की तुमच्या शास्त्राची?"

"दोन्हींची." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "मी कधीही कोणाच्या बाजूची झाले नाही. हे घर त्या घराशी बोलत नसेल तर मी दोन्ही घरांत चहा प्यायले. म्हणून मला सगळे सगळं सांगत आले. एकदा बोलावलं की मी यांच्यातली एक झाले. जो जो येईल त्याच्या गवताला, छपराला, बटाट्याला, मयताला मला जावं लागेल. एका उन्हाळ्यात उरकणारी गोष्ट नाही ती. मरेपर्यंत चालते."

"शुबिन तारीख बदलणार नाहीत."

"नाहीत. नदीही बदलणार नाही."

ग्लाफिरा चुलीपाशी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "आणि बोलावणार कुठून? माझ्या घरातून? इथून कोणीही बोलावलं तरी ते माझंच बोलावणं ठरेल, आणि फेड करायला माझ्याच्यानं चालवत नाही."

"फेदोस्याचं घर रिकामं आहे ना?" आर्कादिएव्नांनी विचारले.

"ती गेल्यापासून रिकामं आहे, पण चूल खचलीय. धूर निघत नाही त्या घरातून कसली बोलावतेस?"

"मग आधी चूल."

त्यानंतर त्यांनी शब्द वाया घालवले नाहीत. फेदोस्याचा पुतण्या शहरात राहत होता, घर विकायला तयारच होता. आठवडाभरात घर त्यांच्या नावावर झाले. संस्थेला त्यांनी कळवले की या वर्षी शिकवायला येणार नाही. मी विचारले की हे पुलापुरते आहे का. त्या म्हणाल्या, "पुलापुरतं असतं तर लोकांना कळलं असतं. ते मूर्ख नाहीत."

मातीची चूल म्हणजे सगळे घर तापवणारी मोठी भट्टीच, आणि ती बसवणे हे आमच्याकडे एका दिवसाचे आणि पुष्कळ हातांचे काम आहे. लाकडी साचा उभा करतात, त्यात वाळू मिसळलेली माती भरतात आणि सगळे मिळून ती चोपण्यांनी ठोकतात. मध्ये थांबले तर थर सुटतात. म्हणून चूल एकट्याला बसवता येत नाही आणि कामाला किती लोक आले यावरून त्या घराची पत कळते. आर्कादिएव्ना बोलवायला निघाल्या तेव्हा पहिल्या काही घरांपर्यंत मी बरोबर होतो. खिडकीवर बोटाने टकटक, आत जाऊन छताच्या मधल्या तुळईच्या अलीकडेच थांबणे, कारण घरच्यांनी म्हटल्याशिवाय त्यापुढे जात नाहीत, कमरेतून वाकणे, मग शब्द. हे शब्द त्यांनी कितीतरी तोंडांतून टिपून घेतले होते. स्वतः म्हणताना पहिल्या घरी त्या अडखळल्या.

"रविवारी चुलीला या. जे असेल ते खाऊ."

तिसऱ्या घरातल्या बाईने हात कमरेवर ठेवले. "तू टिपून घ्यायला आलीयेस की बोलवायला?"

"बोलवायला."

"मग पिशवीतलं ते यंत्र बाहेर ठेव."

आर्कादिएव्नांनी रेकॉर्डर काढून पायरीवर ठेवला आणि पुन्हा आत जाऊन पहिल्यापासून वाकल्या. बाईने संपूर्ण ऐकून घेतले, मग म्हणाली, "बघू. गाय विणार आहे." याचा अर्थ हो की नाही हे मला कळले नाही. आर्कादिएव्नांना कळले. पुढच्या घराकडे जाताना त्या जरा वेगाने चालत होत्या.

रविवारी आलेली माणसे साच्याभोवती मावेनात. अर्धी बाहेर माती तुडवत होती. चोपण्यांच्या ठोक्यांनी खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. ग्लाफिरा खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. जिची गाय विणार होती ती बाईही आली, गायीविषयी काही बोलली नाही. संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले. माशाची भरलेली पोळी आर्कादिएव्नांनी ग्लाफिराच्या चुलीत भाजली होती, आणि एका बाजूने ती करपली होती.

"आर्कादिएव्ना, हा मासा पकडला की स्वतःच शरण आला?"

"मीठ पीटर्सबर्गलाच राहिलं वाटतं."

"खा गपचूप. पुस्तकात लिहील, पेर्खुरोवोचे लोक खायला नखरे करतात म्हणून."

"करतातच," आर्कादिएव्ना म्हणाल्या. "चौथ्या प्रकरणात आहे."

पोळीचा तुकडा उरला नाही. पण सावेल्यिच आला नव्हता. दारू आणि गोंगाट असूनही हे सगळ्यांच्या ध्यानात होते, कारण नदीत चौकट कशी बसवायची, ओंडक्याला खाच कुठे मारायची हे त्याच्या हातांना माहीत होते. बाकीच्यांनी फक्त पाहिले होते.

टेबल आवरायच्या आतच आर्कादिएव्ना त्याच्याकडे गेल्या. मीही गेलो. सावेल्यिचने आम्हाला बसा म्हटले नाही.

"चूल बरी बसली म्हणतात," तो म्हणाला.

"बसली. शनिवारी पुलाला या."

"कोणाच्या पुलाला?"

"माझ्या."

सावेल्यिचने त्यांच्याकडे नीट पाहिले. "केव्हापासून?"

"आत्ता म्हणाले तेव्हापासून. दुसऱ्या कोणाचा असेल तर त्याने हरकत घ्यावी. शुबिन सगळ्यांसमोर म्हणाले, कोणाचाच नाही."

"तोंडाने कोणीही मालक होतो. बर्फ सुटेल तेव्हा तू कुठं असशील? पीटर्सबर्गला, भाषण देत. आणि पूल पुन्हा पोरका." त्याने टेबलावर तळहात ठेवला. "पहिला पूल बांधला तेव्हा सामूहिक शेतीचा अध्यक्ष होता. माणूस नालायक होता. पण बर्फ आला की त्याचं दार वाजवता येत होतं. तुझं कुठलं वाजवू?"

"फेदोस्याचं."

"पासपोर्ट दाखव."

मला हे अती वाटले. आर्कादिएव्नांना वाटले नसावे. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पासपोर्ट काढला. सावेल्यिचने चष्मा शोधला, राहत्या पत्त्याचे शिक्के असतात ते पान काढले आणि दिव्याजवळ धरले. पीटर्सबर्गच्या शिक्क्यावर रद्द झाल्याचा शिक्का होता. त्याखाली नवा.

"पेर्खुरोवो," त्याने वाचले. "फेदोस्याचाच नंबर आहे." मग पान उलटून फोटो पाहिला. "इथं बरी दिसतेस."

"तेव्हा पंचेचाळीसची होते."

"तेव्हा मीही तुला चाललो असतो." त्याने पासपोर्ट परत दिला. "शनिवारी उजाडल्यावर येतो. आणि तो मासा नको. कोबी घाल."

पूल एका शनिवारी होणारा नव्हता. बर्फाचा चुरा दिसू लागेपर्यंत दर शनिवारी काम चालले आणि दर शुक्रवारी आर्कादिएव्ना पुन्हा दारोदार फिरल्या, कारण एकदाचे बोलावणे एका दिवसापुरतेच असते. अधल्यामधल्या दिवशी दुसऱ्यांची बोलावणी होती. त्यांनी बटाटे काढले, सरपण फोडले, एका न्हाणीघराच्या ओंडक्यांच्या फटींत शेवाळ ठासले. हातांना फोड आले. प्रकाशकाला त्यांनी कळवले की नवे पुस्तक रखडेल, सध्या पेन धरता येत नाही. सावेल्यिच कंबरभर पाण्यात उभा राहून तरुण माणसांना शिव्या देत होता आणि ती माणसे त्याला उचलून बाहेर काढत होती, कारण रिम्माने त्याला पाण्यात उतरायची सक्त मनाई केली होती. नदी गोठली तेव्हा पूल उभा होता. पण हिवाळ्यात नदी सगळीकडूनच ओलांडता येते. कसोटी पुढे होती.

एप्रिलच्या अखेरीस मी पुन्हा गेलो. आर्कादिएव्नांनी त्याआधीच घराघरांतली राख मागून घेऊन पुलाच्या वरच्या अंगाला बर्फावर पसरायला लावली होती. काळा पडलेला बर्फ उन्हाने लवकर विरतो. खांबांभोवतीचा बर्फ करवतीने कापून मोकळा केला होता. त्या आठवड्यात पीटर्सबर्गला त्यांच्या संस्थेने त्यांच्या गौरवाचा समारंभ ठेवला होता. तिकीट काढलेले होते. बस दहाची होती.

सकाळी आम्ही चहा पीत होतो. खिडकीवर टकटक झाली. बाहेर सावेल्यिच होता, गुडघ्याच्या वर चढवलेले रबरी बूट घालून.

"आर्कादिएव्ना, तुझ्या पुलावर बर्फ आलाय."

त्या उठल्या. बूट घालत असतानाच फोन वाजला, तो त्यांनी खांदा आणि कानात धरला. संस्थेतून होता, स्टेशनवर गाडी कुठे पाठवायची ते विचारायला.

"येत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पुलावर बर्फ आलाय. नाही, संशोधनाचा भाग नाही. पूल. लाकडी. हो, माझा." आणि फोन टेबलावर ठेवून त्या बाहेर पडल्या.

त्या नदीकडे गेल्या नाहीत. आधी दारे. सावेल्यिच घरांच्या अलीकडच्या ओळीने मी जाऊ का म्हणाला, तर त्यांनी नाही म्हटले. मालकिणीनेच जायला हवे. पण पळत गेल्या. तुळईशी थांबणे आणि वाकणे त्या दिवशी खिडकीतूनच उरकले. मी काठावर पोहोचलो तेव्हा वरच्या वळणावर बर्फाचे थर एकमेकांवर चढून अडकले होते आणि पाणी वाढत होते. मग ते सगळे एकदम सुटले. घराच्या भिंतीएवढे तुकडे पुलाकडे आले. माणसे लोखंडी टोकांचे लांब वासे घेऊन पुलावर आणि दोन्ही काठांवर उभी होती आणि प्रत्येक तुकडा दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे ढकलत होती. पलीकडे रिम्माही एक वासा धरून उभी होती. एक मोठा तुकडा आडवा येऊन नव्या चौकटीला टेकला. चौकट कण्हली. आर्कादिएव्ना पुलाच्या कठड्याशी वाकल्या होत्या आणि त्यांच्या वाशावर आणखी दोघांचे हात होते.

"डावीकडून घे, डावीकडून," सावेल्यिच ओरडत होता. "मालकीण असलीस म्हणून काय वासा उलटा धरतेस?"

त्यांनी वासा फिरवला. तुकडा हलला, वळला, कठड्याचा एक भाग मोडून घेऊन पुलाखालून निघून गेला. दुपारपर्यंत नदी मोकळी झाली. पंधरा-वीस फळ्या गेल्या होत्या. खांब सगळे जागेवर होते. आर्कादिएव्ना काठावर बसल्या आणि त्यांनी बूट उलटे करून पाणी ओतले. बस केव्हाच गेली होती.

"शनिवारी फळ्यांना या," त्या सगळ्यांना एकदमच म्हणाल्या.

"असं नाही चालत," सावेल्यिच म्हणाला. "दारावर ये."

पाहणीला शुबिन मे महिन्यात आले. नव्या फळ्यांवरून ते दवाखान्याच्या पायरीपर्यंत चालत गेले, रिम्माने त्यांचा रक्तदाब पाहिला, आणि चालत परत आले. अहवालाचा कागद त्यांनी कठड्यावर ठेवून भरला. मालकाच्या रकान्याशी थांबले.

"इथं कोणाचं नाव लिहू?"

"आर्कादिएव्नाचं," सावेल्यिच म्हणाला.

"खासगी माणसाच्या नावावर पूल लिहिता येत नाही."

"मग रिकामं ठेव. आम्हाला विचारायची गरज पडत नाही."

शुबिन यांनी रकाना रिकामा ठेवला आणि खाली लिहिले की पूल पायी वापरण्यायोग्य आहे, दवाखाना आहे तिथेच चालू ठेवावा. त्यांना आर्कादिएव्नांची सही हवी होती. त्या तिथे नव्हत्या. ग्लाफिराने बटाटे लावायला बोलावले होते, आणि तिच्या वाफ्यात वाकून उभ्या असलेल्या त्यांनी कुंपणावरून हात वर करून खूण केली की थांबावे लागेल, अजून दोन ओळी राहिल्यात. शुबिन कुंपणाशी उभे राहिले. कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी तो छातीशी धरला होता. आर्कादिएव्नांनी दोन्ही ओळी पुऱ्या केल्या, हात पुसले आणि मगच आल्या.